जोडीतला दुसरा फोटो

आमच्या परळच्या खोलीत टेबल नव्हतं. बाबांना टेबल लागे तेव्हा आईच्या ट्रंकेवर ड्रॉइंग बोर्ड आडवा पडे, ट्रंक खिडकीशी सरके आणि आईला तेवढा वेळ ट्रंकेतलं काहीही काढता येत नसे. "तुझो बापूस नकाशे काढता आणि माझा लुगडा अडकून पडता," ती म्हणायची. बाबा बंदराकाठच्या जमिनींची मोजणी ठेवणाऱ्या एका सरकारी ऑफिसात ट्रेसर होते. मूळ नकाशावर मेणचट, निळसर, अर्धपारदर्शक कापड अंथरायचं आणि खालची रेघन् रेघ काळ्या शाईत वर उतरवायची, हे ट्रेसरचं काम. शाई सांडली की ते कापड बाद. बाद कापडाचे तुकडे बाबा घरी आणत, आई ते गरम पाण्यात भिजवून खळ काढून टाके आणि आतून इतकं मऊ पांढरं सूत निघे की आमच्या चाळीत माझ्याइतके चांगले हातरुमाल कोणाकडेच नव्हते. एका रुमालावर धुऊनही न गेलेली अर्धी खाडी होती. शाळेत मी तो मुद्दाम वर काढून नाक पुसायची.

ऑफिसात विमानातून काढलेले फोटो येऊ लागले तेव्हा बाबांचं काम बदललं. चकचकीत कागदावरचे करडे चौकोनी फोटो, परळपासून शिवडीपर्यंतचे. त्यांत छपरं, रूळ, मिलची आवारं, शिवडीचा चिखल आणि त्यात शिरलेल्या ओहोळांच्या नसा. त्या फोटोंवरून नव्या नकाशाचं काम चालू होतं. ऑफिसात हे फोटो बघायला भिंगांचं एक यंत्र होतं, पण ते साहेबांच्या खोलीत. बाबांनी आपला वेगळाच उपाय शोधला होता. ते दोन फोटो शेजारी शेजारी लावायचे, मधोमध एक पुठ्ठा उभा धरायचे, त्या पुठ्ठ्याच्या वरच्या कडेला नाक टेकवायचे आणि तसेच बसून राहायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग एकदम पुटपुटायचे, "उभी राहिली." काय उभी राहिली ते आम्हाला कळत नसे. आई कुळथाची पिठी ढवळता ढवळता म्हणे, "कावळो झालो मेलो, नाकाच्या दोन बाजूंनी बघता." बाबा हसायचे, पण नाक हलवायचे नाहीत.

असे फोटो घरी आणायला परवानगी नव्हती. तरी सगळेच आणत. कारण दिवस तसे होते. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा कर्फ्यू. मिलचा भोंगा वाजला तर वाजला, नाही तर नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळ झाली की "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे"चा आवाज उठायचा आणि चाळीच्या गॅलऱ्यांमधून बायका ताटं वाजवायच्या. अश्रुधुराचा वास यायला लागला की आई खिडक्या लावून ओले पंचे आमच्या तोंडावर टाकायची आणि त्याच दमात शेगडीवरचे बांगडे परतायची. ऑफिस उघडलं की साहेब विचारायचे, काम कुठवर आलं. म्हणून बाबा एका मोठ्या पाकिटात एका वेळी एकच जोडी घालून घरी आणायचे आणि पुढच्या उघड्या दिवशी परत न्यायचे.

एके दिवशी त्यांनी मला हाक मारली. मी तेव्हा मॅट्रिकच्या अलीकडच्या वर्गात होते. "मंगल, ये बघू. नाक टेकव इथं." मी विचारलं, काय बघायचंय? ते म्हणाले, "आधी सांगत नाही. सांगितलं की माणूस सांगितलेलं बघतो. तू बघ, मग मी सांगतो." मी नाक टेकवलं. पुठ्ठ्याच्या डावीकडे परळ, उजवीकडे तेच परळ. "डोळे सैल सोड. फोटोकडे नको बघू, फोटोच्या पलीकडे बघ, लांब." मी लांब बघितलं. डोळ्यांना पाणी आलं. दोन करडे फोटो दोनच राहिले. वर मान दुखायला लागली, खाली माझी मैत्रीण निमा हाका मारत होती, आणि बाबा माझ्या कानाशी श्वास रोखून उभे होते. मी पुन्हा बघितलं. काही नाही. मला त्यांचं पुटपुटणं आठवलं. फोटोत मिलची चिमणी होती, आडव्या पडलेल्या खडूसारखी.

"चिमणी," मी म्हटलं. "उभी राहिली."

बाबांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की नाक पुठ्ठ्यावर आपटलं. "ऐकलंस काय गो?" ते आईला म्हणाले, "पहिल्या फटक्यात! ऑफिसात एकेकाला महिना महिना लागतो. त्या हेडक्लार्कला अजून दिसत नाही!" दुसऱ्या दिवशी चालत घरी येताना त्यांनी इराण्याकडून एक मावा केक आणला. एकच. तो पाचांत वाटायचा नव्हता, माझा एकटीचा होता. माझे दोन्ही भाऊ बघत राहिले आणि मी तो खाल्ला. मला दिसलं असं समजल्यामुळे पुढचं सांगायचं त्यांचं राहूनच गेलं. दोन फोटो का लागतात, हे मी विचारलं नाही. ज्याला दिसलंय त्याला हा प्रश्न पडत नाही, एवढी अक्कल मला होती. माझ्या मनाने मी उत्तर काढून ठेवलं होतं की सरकारी काम आहे, तिथे प्रत्येक कागदाच्या दोन प्रती असतात.

आज मी ज्या कामात आहे तिथे हे हसण्यासारखं आहे. आपल्या देशाचे स्वतःचे उपग्रह आता जमिनीची चित्रं धाडतात आणि ती वाचून पिकं कुठे, पाणी कुठे, खाडीकाठचं खाजण कुठे बुजलं, हे सांगणाऱ्या एका कचेरीत मी नोकरी करते. हाताखाली नवी मुलं येतात. हुशार असतात, पण घाई असते. चित्रात एखादा डाग कळला नाही की जवळचं काहीतरी लिहून मोकळी होतात. त्यांचे अहवाल मी परत पाठवते. नाही दिसलं तर 'नाही दिसलं' असं लिहा, मग तिथे पायी जाऊन बघून या. मुलं माझ्या मागे मला 'नाही-दिसलं बाई' म्हणतात. मला ठाऊक आहे. म्हणू देत.

निमा म्हणजे खालच्या मजल्यावरची माझी मैत्रीण. ती चाळीतल्या आम्हा मुलींचं हस्तलिखित काढायची. एकच प्रत, शाईने लिहिलेली, दोऱ्याने शिवलेली, घरोघर फिरणारी. त्याचं नाव दर अंकाला बदले, कारण निमाला जुनं नाव आवडेनासं होई. निमा संपादक. माझं अक्षर चांगलं म्हणून मी नकलून काढणारी. अंकावर माझं नाव 'सुंदर हस्ताक्षर' या शब्दांपुढे शेवटच्या पानावर यायचं. निमाचा मोठा भाऊ चळवळीत होता, त्यामुळे मुंबई विशेषांक काढायचा तिने ठरवलं. मुखपृष्ठाचा प्रश्न होता. निमाला मशालीशिवाय काही काढता येत नव्हतं आणि मागच्या दोन्ही अंकांवर मशालच होती.

"तुझे बाबा नकाशे काढतात म्हणतेस ना?" ती म्हणाली. "मग आण की एखादा. का नुसते रुमालच आणतात?"

"नकाशा कशाला? विमानातून काढलेला मुंबईचा फोटो आणते."

"हो, आणि वैमानिकाला पण आण चहाला."

बाकीच्या मुली हसल्या. त्या हसण्याला मी उत्तर शोधलं. त्या संध्याकाळी बाबा खाली सभेची बातमी ऐकायला गेले होते. पाकीट ट्रंकेमागे उभं होतं. आत दोन फोटो, दोन्ही सारखे. मी दोन्ही खिडकीशी धरून बघितले, मनाला लागू नये म्हणून नीट बघितले. तीच चिमणी, तेच रूळ, तीच खाडी. एक परत ठेवला, एक फ्रॉकखाली घालून खाली नेला.

निमाने तो फोटो दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "मंगे, ही आपली मुंबई?" तेवढ्यासाठी तर मी आणला होता. फोटो वहीच्या पानाबाहेर येत होता. कडेचा पांढरा पट्टा, ज्यावर कसला तरी नंबर होता, मी कात्रीने कापून टाकला. मागे जांभळा शिक्का होता, त्यावर मैद्याची खळ फासली आणि फोटो घट्ट दाबून बसवला. वर मी माझ्या अक्षरात 'मुंबई आमची' असं लिहिलं. निमाने आपण होऊन पहिल्या पानावर 'मुखपृष्ठ' म्हणून माझं नाव टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पाकीट घेऊन ऑफिसला चालत निघाले. ट्राम बंद होत्या. लालबागपाशी लाठीमार सुरू झाला. लोक धावले, बाबाही धावले, एका दुकानाच्या पायरीवर पडले, पाकीट हातातून उडालं. गुडघा फुटला होता, पाकिटाचं तोंड उसवलं होतं. ते उचलून ते तसेच पुढे गेले. ऑफिसात उघडलं तर आत एकच फोटो. दुपारी ते घरी आले ते थेट नाहीत. ते लालबागला परत गेले होते. मला हे ठाऊक आहे, कारण आईने मला त्यांना बघायला पाठवलं. रस्त्यावर सांडलेल्या चपला, विटांचे तुकडे आणि फाटलेले कागद होते. पोलीस लांब उभे होते. बाबा एकेक कागद उलटा करून बघत होते. गटाराच्या जाळीशी वाकले होते. मी रस्त्याच्या ह्या बाजूला उभी राहिले. हाक मारायला तोंड उघडलं होतं, एवढं आठवतं. मग वाटलं, आज संध्याकाळी निमाकडून वही आणते, फोटो पाण्याने सोडवते, ट्रंकेमागे टाकते. घरातच पडला होता असं होईल. सोपं होईल. मी हाक न मारताच घरी आले.

रात्रीच्या जेवणाला बाबांनी हात लावला नाही. आई म्हणाली, "गावलो नाय तर नाय. एक आसा मा? तोच देऊन टाका साहेबाक."

"एकाचा काही उपयोग नाही गो," बाबा म्हणाले. "दोन असतील तरच उभं राहतं. एक म्हणजे नुसता कागद. मंगलला विचार, तिला ठाऊक आहे."

आईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो, मला ठाऊक आहे.

निमा त्या संध्याकाळी भेटली नव्हती, सकाळी भेटली. वही कुठाय विचारलं तर तिने मला जिन्याखाली ओढलं. पलीकडच्या चाळीत पोलिसांनी पत्रकांसाठी झडती घेतल्याची आवई उठली होती. तिच्या आईने भावाची पत्रकं, निमाचे सगळे अंक, जे दिसेल ते पाणी तापवायच्या बंबात घातलं होतं. "तुझा फोटो लवकर जळेना," निमा म्हणाली. "वळला आणि कसला तरी घाण वास सुटला. आई म्हणाली, काय भरलंय यात?" मग तिला माझा चेहरा दिसला असावा. "तुझ्या बाबांकडे आणखी असतील ना?" ती म्हणाली. मी म्हटलं, "असतील." आणि तिच्याकडून शपथ घेतली की हे कोणाला सांगायचं नाही. तिने ती पाळली. निमा वारली तेव्हाही ती शपथ तिच्याजवळ होती, आणि हा बोजा मी तिच्यावर टाकला होता हे मला तिच्या घरून परतताना सुचलं.

चौकशी झाली. बाबांनी लिहून दिलं की फोटो परवानगीशिवाय घरी नेला आणि आपल्या निष्काळजीपणाने रस्त्यात हरवला. दुसरं वाक्य खोटं होतं, पण ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या वाक्याखाली त्यांनी सही केली, आपल्या सुरेख ट्रेसरच्या अक्षरात. आधी कामावरून दूर ठेवलं, मग राजीनामा द्या म्हणजे कागद स्वच्छ राहतील असं सांगितलं. त्यांनी दिला. पुढे ओळखीने एका मिलच्या डिझाइन खात्यात लागले. चौकटींच्या कागदावर साड्यांचे काठ उतरवायचे. खाडीच्या जागी कोयऱ्या. पगार फार कमी नव्हता, उपाशी राहिलो नाही, हे सांगितलं पाहिजे. ड्रॉइंग बोर्ड पलंगाखाली गेला आणि आईला तिची ट्रंक हवी तेव्हा उघडता येऊ लागली. रुमाल जुने होत गेले.

मग राज्य झालं, मुंबईसह. चाळीत तोरणं लागली, निमाच्या भावाला खांद्यावर घेऊन नाचले, पेढे इतके वाटले गेले की मुलांना ओकाऱ्या झाल्या. त्या दिवसांत बाबांचे एक जुने सहकारी घरी आले होते. सांगत होते की ऑफिसात श्वास घ्यायला फुरसत नाही, नव्या राज्याचे नवे नकाशे काढायचेत, बाहेरून माणसं आणतायत. "तुमच्यासारखा हात नाही हो एकाचाही." बाबांनी त्यांना आणखी एक पेढा दिला. काही महिन्यांनी त्यांनी बाजारातून छापील नकाशा आणून भिंतीवर लावला. त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "गोदावरीचं अक्षर बसलं नाही. नदी वळते तसं अक्षर वळलं पाहिजे." मी रोज जेवताना त्या नकाशासमोर बसत होते.

मी माटुंग्याच्या कॉलेजात भूगोल घेतला. मी तो का घेतला याचं कारण बाबांनी आपल्या मनाशी ठरवलं होतं, मीही खोडलं नाही. खरं म्हणजे त्या विषयाला प्रवेश सहज मिळत होता. पुढे नोकरी लागली आणि हवाई फोटो वाचण्याच्या प्रशिक्षणासाठी डेहराडूनला पाठवलं. तिथे पहिल्याच आठवड्यात आरशा-भिंगांच्या यंत्राखाली कुठल्याशा टेकडीच्या फोटोंची जोडी ठेवून मास्तरांनी मला बसवलं. थोडा वेळ दोन करडे चौकोन. मग ते एकमेकांवर सरकले आणि टेकडी कागदातून वर आली. झाडं सुटी झाली, दरी खाली गेली. मी डोळे काढले, परत लावले. उभीच होती. विमान पुढे सरकताना एक फोटो इथून काढतं, दुसरा थोडा पुढून. एक डाव्या डोळ्याचा, एक उजव्या. दोन्ही सारखे नसतातच. मी खिडकीशी धरून नीट बघितले होते तेही सारखे नव्हते. मास्तरांनी विचारलं, "दिसलं?" मी म्हटलं, "आत्ता दिसलं." त्यांना वाटलं, मी दोन मिनिटांबद्दल बोलतेय.

आपल्या उपग्रहाची चित्रं आमच्या कचेरीत यायला लागली त्या वर्षी मी मुंबईचं एक चित्र मोठं छापून घेऊन परळला गेले. आई गेली होती. बाबा त्याच खोलीत, भावाच्या संसारात, खिडकीशी बसलेले. एक डोळा काचबिंदूने गेला होता, दुसऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. मी ठरवून गेले होते. तीस वर्षं झाली, सांगून टाकायचं. चित्र ट्रंकेवर पसरलं.

"एवढं लाल काय आहे?" बाबा म्हणाले. "लाल बावट्याचं राज्य आलं काय?"

"झाडं आहेत बाबा. ह्या चित्रांत हिरवं ते लाल दिसतं. ही शिवडीची खारफुटी."

"आणि आपली चाळ?"

"एवढी बारीक दिसत नाही. एका ठिपक्यात अख्खी चाळ बसते. हे कोणीही अर्ज करून मागवू शकतं आता. कॉलेजातली मुलं पण."

"बरं झालं," ते म्हणाले आणि खाडीवरून बोट फिरवत राहिले. नखाला अजून शाई असावी असं ते बोट धरायचे, कागदाला न टेकवता.

"बाबा, त्या हरवलेल्या फोटोबद्दल तुम्हाला सांगायचंय."

"सोड गो. त्याचं काय आता." त्यांनी बोट चित्रावरून उचललं. "एक सांगू तुला? मिलमध्ये कोयऱ्या काढून काढून जीव विटायचा ना, तेव्हा मी एकच गोष्ट आठवायचो. नोकरी जायची ती गेली, पण जायच्या आधी तू बघितलंस. पहिल्या फटक्यात. 'चिमणी उभी राहिली' म्हणालीस. म्हटलं, माझं काही फुकट गेलं नाही." त्यांनी चांगला डोळा माझ्याकडे वळवला. "दिसली होती ना गो?"

फोटो मी उचलला एवढंच सांगायला मी गेले होते. पण तो का उचलला, हे त्यांनी विचारलंच असतं. दोन्ही सारखे वाटले म्हणून. आणि ज्याला सारखे वाटतात त्याला दिसलेलं नसतं, हे त्या खोलीत माझ्याइतकंच पक्कं त्यांनाही ठाऊक होतं. एक सांगितलं की दुसरं आपोआप सांगितलं जाणार होतं.

"हो बाबा," मी म्हटलं. "उभी राहिली होती."

ते समाधानाने मागे टेकले. मग बोटाने चित्राच्या रिकाम्या बाजूला, ट्रंकेच्या पत्र्यावर, टकटक केलं. "पुढच्या वेळी येशील तेव्हा ह्याची जोडी आण. एकाचा काही उपयोग नाही."

मी "आणते" म्हटलं. त्या उपग्रहाच्या चित्रांना तशी जोडी नव्हती, आणि त्यांच्या एका डोळ्याला ती असती तरी उपयोग नव्हता. हे दोन्ही मला ठाऊक होतं. मी चित्र गुंडाळलं, ट्रंक भिंतीशी सरकवली आणि चहा टाकायला उठले.